भेरे सर आणि 'तरंग'

भेरे सर वर्गात छडी आणत नसत. त्यांना तिची गरजच पडली नाही. उत्तर चुकलं की ते चष्मा काढत, शर्टाच्या टोकाला सावकाश पुसत आणि म्हणत, "पोचट. तरंग." पोरगा निमूट बाकावर चढून उभा राही. सरांनी "बस" म्हणेपर्यंत उतरायचं नाही, हा नियम. पुढचा तास माझा, भूगोलाचा. वर्गात शिरलो की एखादा तरी बाकावर असेच. मी बसायला सांगितलं तर म्हणे, "भेरे सर नाय बोलले अजून."

शब्द भाताच्या बियाण्याचा होता. आमच्याकडे पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. भरलेला दाणा तळाला बसतो, पोचट वर तरंगतो. तो काढून कोंबड्यांपुढे टाकायचा. सर तानसाकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मुरबाडला मराठी शिकवायला आले ते हे मिठाचं पाणी बरोबर घेऊनच.

सिनेमालाही ते सोडत नसत. शहापूरच्या एका साप्ताहिकात त्यांचं परीक्षण येई. एका गाजलेल्या रडक्या चित्रपटावर त्यांनी लिहिलं होतं, "नायिका रडू लागली की प्रेक्षकांना चहा पिऊन यायला वेळ मिळतो." लोक ते वाक्य एसटीत एकमेकांना वाचून दाखवत. सरांनी पोचट ठरवलेला सिनेमा मुरबाडच्या टॉकीजमध्ये आठवडाभरही टिकत नसे. त्यांच्या शेजारी बसून सिनेमा पाहणं ही माझी चैन होती. हसून हसून पोट दुखे, आणि आपण त्यांचे विद्यार्थी नव्हतो याचं बरं वाटे.

जयवंत त्यांचा विद्यार्थी होता. वैशाखऱ्याचा, नातेवाइकांकडे राहून शिकणारा. निबंध लिहायची त्याला भारी हौस. सर त्याचा निबंध मोठ्याने वाचत, प्रत्येक वाक्यापाशी थांबत, आणि शेवटी त्याला तरंगायला सांगत. एकदा त्याची आई टोपलीत भाजी घेऊन मुलाला भेटायला आली, तेव्हा तो बाकावरच होता. ती दारात घुटमळली. सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "बाई, बियाणं तुमचंच ना?"

"हो गुर्जी, आमचंच हाय," ती म्हणाली. आपल्याला काय विचारलं हे तिला कळलं नव्हतं. वर्ग हसला. जयवंतने त्याच वर्षी शाळा सोडली.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार साल उलटून गेल्यावर, तो एकदम वर्तमानपत्रांत दिसला. त्याने एक सिनेमा लिहिला होता. घाटाखालच्या गावातून मुंबईला गेलेला कोवळा पोरगा टोळीत शिरतो, तिथेच वयात येतो आणि तिथेच संपतो, अशी गोष्ट. मुंबईच्या समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. त्यातला टोळीचा म्होरक्या नव्या पोरांची परीक्षा घेताना चष्मा पुसतो आणि म्हणतो, "तरंग." मग पोराने गच्चीच्या कठड्यावर चढायचं आणि तो खाली ये म्हणेपर्यंत उभं राहायचं. एका समीक्षकाने लिहिलं, ही गुन्हेगारी जगाची सांकेतिक भाषा आहे. दुसऱ्याला त्यात मृत्यूचं काव्य दिसलं. इकडे धसईच्या बाजारात लोक ते वाचून खो खो हसत होते.

सिनेमा मुरबाडला लागला तेव्हा टॉकीज आमच्याच माजी विद्यार्थ्यांनी भरलं होतं. सर नेहमीच्या खुर्चीत, मी शेजारी. पडद्यावर म्होरक्याने चष्मा पुसला, "तरंग" म्हणाला, आणि सगळं थिएटर खुर्च्यांवर चढून उभं राहिलं. पोटं सुटलेले, मुलंबाळं असलेले बाप्ये शिट्या वाजवत होते. बसलेले आम्ही दोघंच. मला वाटलं, सर उठून जातील.

"बसा," सर म्हणाले. आवाज चढवलासुद्धा नाही. आणि सगळे बसले.

पुढे म्होरक्या त्या पोराच्या आईला विचारतो, "बाई, बियाणं तुमचंच ना?" तिथे कुणी हसलं नाही. सर मान न वळवता पडद्याकडे पाहत राहिले. बाहेर पडल्यावर मी विचारलं, कसा वाटला? ते म्हणाले, "वाटेत बोलू नये."

परीक्षण आलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढे कधीच नाही. जयवंत मला फोन करी. "सरांनी लिवलं का?" त्याला मोठं पारितोषिक मिळालं, त्या दिवशीही त्याने हेच विचारलं. मी म्हटलं, अरे, सगळी मुंबई तुला नावाजतेय.

"त्यांना काय कळतंय? सर पोचट बोलले तरी चालंल. पण बोलू दे."

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी विषय बदलला. माणूस किती निगरगट्ट असू शकतो, ते मी तेव्हा पाहिलं.

निवृत्तीनंतर सर गावी गेले आणि अंथरुणाला खिळले. जयवंतला घेऊन मी भेटायला गेलो. बुद्धी शाबूत होती, शब्द स्पष्ट होते. जयवंत खाटेपाशी उभा राहिला. केस पिकू लागलेला, अंगात भारी शर्ट.

"सर, आई गेली आता. मला फक्त तुमचं मत पायजे. एक शब्द बोला."

सरांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चष्मा काढला, चादरीला पुसला.

"तरंग."

जयवंतने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर चढला. घर कौलारू, बुटकं. त्याची मान वाशाखाली वाकली. सरांनी डोळे मिटले. सूनबाईंनी चहा आणला, तो निवला. मी म्हटलं, "उतर रे, झोपले ते."

"नाय बोलले अजून."

सर झोपले नव्हते. पापण्या हलत होत्या, मला दिसत होत्या. मला ते आवडायचे, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मीच जयवंतला हाताला धरून खाली ओढलं.

चार-सहा दिवसांत सर गेले. जयवंत मुंबईहून आला. चिता पेटल्यावर मंडळी ओढ्याकाठच्या दगडांवर टेकली. तो तेवढा उभा होता. कुणीतरी म्हणालं, "बस रे, दमला असशील."

"ऱ्हाऊ दे," जयवंत म्हणाला, आणि उभाच राहिला.