एकशे बाराचं चलान

चंद्रभान वाघचौरे गाडी इतकी सावकाश चालवायचा, की कुंभवलीच्या रस्त्यावर त्याच्यामागे अडकलेले रिक्षावाले हॉर्न वाजवून कंटाळायचे. अकोले तालुक्यातलं गाव सोडून तो विशीत इकडे आला, तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर लागला आणि तिथेच पंचावन्नचा झाला. जुनी कार घेतली तीसुद्धा बायकोसाठी. साखरबाईचे गुडघे धरायचे, शेअर रिक्षात चढताना तिचे हाल व्हायचे. पुढच्या सीटवर बसून ती नवऱ्याला म्हणायची, "अहो, ती सायकल पुढं गेली बघा." आणि दोघंही हसायचे.

मागच्या मार्चमध्ये, एका रविवारी जेवण झाल्यावर, साखरबाईच्या छातीत कळ आली. बोईसरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि वसईकडच्या मोठ्या दवाखान्यात ताबडतोब न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती. चंद्रभानने गाडी काढली. मागच्या सीटवर मुलगी ज्ञानेश्वरी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. चिल्हार फाट्यावरून हायवेला लागल्यापासून ती एकच सांगत होती, "अण्णा, जोरात घ्या." मनोर मागे पडलं, आणि पुढे रस्त्याच्या कामामुळे ट्रकांची रांग लागलेली. त्या रांगेतच साखरबाई गेली. दवाखान्यात फक्त तसं सांगायचं बाकी होतं.

दिवस झाले, पाहुणे परतले, आणि मग ज्ञानेश्वरी एकदाच बोलली. "त्या दिवशी तरी जोरात चालवायची होती, अण्णा. रोजच्यासारखीच चालवलीत तुम्ही." चंद्रभानने मान खाली घातली. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. ती सकाळी औषधांच्या कंपनीतल्या लॅबमध्ये जायची, हा शिफ्टप्रमाणे बॉयलरवर. ती त्याचं ताट झाकून ठेवायची, पण सोबत जेवायला बसत नव्हती.

पावसाळ्याच्या सुमाराला चंद्रभानच्या मोबाईलवर मेसेज आला. इंग्रजी त्याला नीट वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने मोबाईल मुलीपुढे धरला. चलान होतं. हायवेवर मनोरच्या अलीकडे, ताशी एकशे बारा. तारीख त्या रविवारची.

ज्ञानेश्वरीने ते दोनदा वाचलं. हे खोटं आहे, ती म्हणाली. अण्णांची गाडी कधी साठच्या वर गेलेली तिने पाहिली नव्हती. चंद्रभान म्हणाला, दंड भरून टाकू, विषय संपला. पण ती ऐकेना. कॅमेऱ्याची मशीन चुकते, कुणाचं चलान कुणालाही येतं, लॅबमधल्या मेहुललाही तसं आलं होतं, असं ती भराभर सांगत राहिली. कितीतरी महिन्यांत ती त्याच्याशी एवढं बोलली नव्हती. त्याने तिला अडवलं नाही. चलान मान्य नसल्याचं तिनेच कळवलं, आणि पुढे पालघरच्या कोर्टाची तारीख आली.

कोर्टात खूप गर्दी होती. नाव पुकारल्यावर दोघं पुढे गेले. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, तेव्हा ज्ञानेश्वरीच पुढे होऊन बोलली. वडील फार हळू चालवतात, एवढा वेग शक्यच नाही, मशीन तपासावी. मॅडमनी वाहतूक पोलिसांच्या हवालदाराकडे पाहिलं. त्याने छापलेला फोटो टेबलावर ठेवला आणि तिला बघायला सांगितलं.

नंबर त्यांच्याच गाडीचा होता. काचेमागे चंद्रभान स्टिअरिंगवर छाती टेकून पुढे वाकलेला. मागे, अंधुक, ज्ञानेश्वरीचं आईकडे वाकलेलं डोकं; त्या वाटेवर तिने बाहेर पाहिलंच नव्हतं. आई दिसत नव्हती.

"इतकी घाई कशाची होती?" मॅडमनी विचारलं.

चंद्रभानने बायकोला दवाखान्यात नेत होतो म्हणून सांगितलं. ती रस्त्यातच वारली, हेही सांगितलं. मॅडमनी कागदावरची तारीख पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, दवाखान्याचे कागद असतील तर पुढच्या तारखेला आणा, विचार करता येईल. मशीनबद्दलचं म्हणणं कायम आहे का?

ज्ञानेश्वरी फोटोवरून नजर काढत नव्हती. तेव्हा चंद्रभान म्हणाला, "मॅडम, मशीन बरोबर आहे. मी तेवढ्याच वेगात होतो. दंड भरतो."

परतताना ती पुढच्या सीटवर बसली होती. उमरोळी आली. मग तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"वेगाच्या काट्याकडे एकदा बघितलं होतं."

"मग मी तसं बोलले तेव्हा सांगितलं का नाही?"

चंद्रभानने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "काय सांगणार होतो? एवढी पळवली तरी नाही वाचली, असं? माझ्यावर राग होता तोवर तू निदान दोन घास खात होतीस. कामाला जात होतीस. मला वाटलं, राहू दे."

तिने आपल्या ओढणीचं टोक घट्ट धरलं होतं. मागून येणारे टेम्पो त्यांच्या बाजूने निघून जात होते. "मला वाटायचं, थोडं जोरात गेलो असतो तर..." एवढं बोलून ती थांबली. पुढचं तिला म्हणता येईना. जोरात गेलेच होते ते. आईला वाचवण्यासाठी कुणी करायचं राहून गेलं, असं आता काही उरलं नव्हतं.

घरी पोचल्यावर तिने पोळ्या केल्या, दोन ताटं वाढली आणि त्या मार्चनंतर पहिल्यांदाच त्याच्यासमोर जेवायला बसली. पण पहिलाच घास तिने परत ताटात ठेवला. आई गेल्यापासून ती कुणादेखत रडली नव्हती. त्या दिवशी ताटावर बसूनच रडली, खूप वेळ. चंद्रभान उष्ट्या हाताने तसाच बसून राहिला. तिला उगी करावं असं त्याला वाटत होतं, पण घरात ते नेहमी साखरबाईच करायची.