पंप कोण लावतं?

असून नसल्यासारखं राहावं ते आमच्या शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवाल्याने. देवालाही इतकं जमलं नाही. तो निदान गणपतीत तरी लालबागला दिसतो. पस्तिशी गाठलेला घोडा, पण चहाला आला की जाताना कप विसळून असा जागेवर ठेवायचा, की हा आला होता का याचा मलाच संशय यायचा. लग्नाच्या फोटोत हमखास कोणाच्या तरी मागे. स्वतःच्या वाढदिवसाच्या केकचे तुकडेही त्याने मजल्यावरच्या घराघरांत गुपचूप फ्रिजमध्ये ठेवले, आणि शेजारची राणेबाई आठवडाभर सुनेकडे संशयाने बघत राहिली.

एकदा मी सरळ विचारलं, "मेल्या, तू काम तरी काय करतोस?"

"मिडलवेअर, काकी. मोबाईल कंपनीचे कॉम्प्युटर गावोगाव पसरलेले असतात. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा, एक बंद पडला तर त्याचं काम तिसऱ्याकडे द्यायचं, हे मधलं सगळं आमचं. वरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांना वाटलं पाहिजे, सगळं एकाच पेटीत चाललंय. मध्ये काही आहे हे त्यांना दिसलं, की आम्ही नापास."

"मग शाबासकी कधी?"

"कोणी काहीच बोललं नाही की."

याला पगारही देतात म्हणे.

ऑफिसात करतो ते करतो, घरीही तेच. चाळीचा पंप सकाळी तोच लावायचा. लोक म्हणायचे, टाकी आपोआप भरते. वाळणाच्या दोरीवरून सावंतबाई आणि राणेबाईचा कित्येक वर्षांचा अबोला. सावंतबाईचं नाव कोरलेलं एक पातेलं याच्या घरी पडून होतं. याने त्यात खीर भरली आणि राणेबाईच्या दारात ठेवून पळाला. मी खिडकीतून पाहिलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून राणेबाईने शिव्या घालत लाडू वळले. झालं, दोघी बोलू लागल्या. दोघींनाही वाटत होतं, नमतं समोरचीनेच घेतलं.

पुढे ही सवय त्याच्याच अंगाशी आली. ऑफिसातल्या एका मुलीवर त्याचा जीव जडला. तिचे वडील प्रभादेवीहून चौकशीला आले. गॅलरीत बसून विचारू लागले, "मुलगा अडीअडचणीला उपयोगी पडतो ना?"

सावंतबाई म्हणाली, "स्वभावाने गरीब हो. पण कधी काडी हलवताना नाही पाहिला."

राणेबाईने भर घातली, "आमच्याकडे कोणाची गरजच पडत नाही. सगळं आपोआप होतं."

गृहस्थ उठून चपला घालू लागले. हा खांबामागे पांढराफटक, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ.

मीच ओरडले, "बसा खाली! पंप हा लावतो. जिन्यातला दिवा हा बदलतो. आणि तुम्ही दोघी ऐका, ती खीर यानेच ठेवली होती."

सावंतबाई राणेबाईकडे वळली. "म्हणजे मी पाठवली असं वाटलं तुला? तरीच लाडू आणलेस!"

"नाहीतर आणते होय? आणि तू मेल्या, केवढी ती साखर!"

"खीर दुकानातली होती," खांबामागून आवाज आला.

पाहुणे इतके हसले की चपला पुन्हा काढून बसले. लग्न ठरलं. तो मात्र माझ्यावर फुगला. "काकी, तुम्ही मला उघडं पाडलंत."

लग्नानंतर तो लांब राहायला गेला. दुसऱ्याच दिवशी नळ कोरडे. बायका कमिटीच्या नावाने खडे फोडत बसल्या. पंपाचं बटण जिन्याखाली आहे, आणि माझे गुडघे काही आता जिन्याचे राहिले नाहीत.

परवा राणेबाई माझ्याकडे बसली होती. म्हणाली, "बघ गे, तो गेला तरी टाकी भरतेच आहे. उगाच त्याचं एवढं कौतुक केलंस पाहुण्यांपुढे."

मी दुखरे गुडघे चोळत चहा प्यायले, आणि कप विसळून जागेवर ठेवला.