दहा मिनिटं पुढे

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या मस्तगडच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यातली नोकरी सोडून मी जालन्यात परत आले आणि इथल्याच शाळा-कॉलेजांची, दवाखान्यांची सॉफ्टवेअरची कामं घेऊ लागले, तेव्हा आई म्हणाली होती की काम तू चांगलं करशील, पण गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर तोंड आवर. काम मी बऱ्यापैकी करते. तोंडाचं मात्र अजून जमलेलं नाही.

नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक नर्सिंग कॉलेज आहे. त्यांच्या प्रवेशाचं सॉफ्टवेअर माझं. सर्व्हर म्हणजे बडेबाबूंच्या टेबलाखाली ठेवलेला एक काळा डबा, आणि त्यावर बडेबाबू दुपारी पाय टेकवून बसतात. बडेबाबू म्हणजे तिथले हेडक्लार्क. प्राचार्य तीन बदलले, हे तिथंच आहेत.

त्या दिवशी प्रवेशाच्या शेवटच्या फेरीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होणार होतं. साडेतीनला बडेबाबूंचा फोन आला की एका पोरीचं लॉगिनच होऊन नाही राह्यलं, जल्दी या. मी गाडी काढली आणि वाटेतल्या प्रत्येक ऑटोवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत वीस मिनिटांत पोचले.

मुलगी एकटीच आली होती, टेंभुर्णीहून, सकाळच्या एसटीनं. मांडीवर प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये बारावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला, दोन्ही अस्सल. पण यंदापासून हातातले कागद चालत नव्हते. कागद सरकारच्या ऑनलाइन कागदपेटीतूनच यायला हवेत असा नियम झाला होता. गेल्या वर्षी तिचा एक दाखला चार दिवस उशिरा मिळाला आणि तेवढ्यापायी तिची जागा गेली. वर्षभर ती घरी बसली. या फेरीत पुन्हा नाव लागलं होतं. पाचच्या आत तिचे दोन कागद आमच्याकडे आले नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार, हे तिनंच मला सांगितलं, अगदी हळू आवाजात.

या कागदपेटीचं काम कसं चालतं ते थोडं सांगते. मुलीचा पासवर्ड आम्हाला कळत नाही, कळायलाही नको. आमच्या पानावरून तिला पेटीच्या दारात नेऊन सोडायचं. तिथं ती आपला नंबर टाकते, मोबाइलवर ओटीपी येतो, तो देते आणि ‘या कॉलेजाला माझे कागद बघू द्या’ अशी परवानगी देते. मग पेटी तिला परत आमच्याकडे पाठवते, सोबत एक कोड देऊन. तो कोड आणि आमची सही असलेली चिठ्ठी आमचा सर्व्हर पेटीकडे पाठवतो, आणि त्या बदल्यात पेटी टोकन देते. टोकन म्हणजे थोड्या वेळापुरता पास. तो हातात आला की कागद मिळतात. या सगळ्या देवघेवीला ओऑथ म्हणतात, आणि ती बिघडली की कुठं बिघडली हे कुणी सरळ सांगत नाही. आमच्या पडद्यावर एवढंच येत होतं: लॉगिन अयशस्वी.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पेटीला जोडलेला मोबाइल नंबर मुलीच्या वडिलांचा होता, आणि वडील टेंभुर्णीच्या शिवारात सोयाबीन काढत होते. त्यांच्या वावरात विहिरीजवळच्या बांधावर तेवढी रेंज यायची. मुलगी आपल्या मोबाइलवरून त्यांना फोन लावायची, स्पीकर चालू करायची आणि ते आलेला आकडा वाचून दाखवायचे. दिवसाला पाचच ओटीपी मिळतात. मी यायच्या आधी बडेबाबूंनी त्यातले दोन घालवले होते.

मी खुर्ची ओढली आणि तिसरा मागवला.

त्या माणसाची वाचायची पद्धत मला अजून आठवते. आधी म्हणायचे, “आला बघा.” मग एकेक आकडा, मध्ये श्वास घेऊन, जणू विहिरीतून एकेक बादली वर काढतायत. सगळे सहा झाले की पुन्हा पहिल्यापासून. मी टाइप केलं, पान फिरलं, परत आलं. लॉगिन अयशस्वी.

मग मी माझी झडती सुरू केली. पेटीकडं नोंदवलेला आमचा पत्ता बदललाय का? नाही. आमच्या सहीच्या किल्लीची मुदत संपलीय का? तीही नाही. सोमवारपर्यंत याच यंत्रणेतून सतरा मुलींचे कागद आले होते आणि सोमवारनंतर मी एका अक्षराला हात लावलेला नव्हता. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, पेटीचं उत्तर होतं: विनंती नाकारली. का नाकारली, ते नाही. बडेबाबू मागं उभे राहून दर दोन मिनिटांनी उसासा टाकत होते आणि मला वाटत होतं, आता यांना कुणीतरी चहाला न्यावं.

चौथ्या वेळी वडिलांनी आकडा वाचला, आणि शेवटचा आकडा आधी सहा सांगून मग नऊ सांगितला. मी विचारलं, नक्की काय आहे? ते म्हणाले, “नऊच असंल मॅडम. उन्हात बारीक अक्षर बराबर दिसून नाही राह्यलं.”

नऊ टाकला. लॉगिन अयशस्वी.

माझा ताबा सुटला. मी फोनकडं तोंड करून म्हणाले, “अहो, तुमच्या मुलीची जागा जाईल. एक आकडा वाचता येत नसेल तर आधी डोळे तपासून घ्या.”

 ते म्हणाले, “व्हय मॅडम.” मुलीनं फोन कानाला लावला, “आबा, तिथंच थांबा, हलू नका,” एवढं बोलली आणि खाली बघत बसली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

इथं मला कबूल करायचं आहे की ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच ते खोटं आहे हे मला कळायला हवं होतं. ओटीपी चुकला तर पेटी आपल्या दारातच अडवते, मुलगी परत आमच्या पानावर येतच नाही. आम्ही चारही वेळा परत आलो होतो. म्हणजे चारही वेळा आकडे बरोबर होते आणि बिघाड आमच्या घरात होता. दहा वर्षं हेच काम करतेय मी. पण हाताशी एक माणूस होता, लांबचा, अडाण्यासारखा वाचणारा, उलट न बोलणारा, आणि त्याच्यावर राग काढणं सोपं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी.

आता एकच ओटीपी उरला होता. तो मागवायची माझी हिंमत होईना. मी पुन्हा लॉगमध्ये डोकं घातलं.  पडद्याच्या कोपऱ्यातला काट्याविना चालणारा वेळ मी सारखा बघत होते, आणि तो फारच वेगानं जात होता.

“पाचला नऊ कमी,” बडेबाबू भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले.

“न्हाई सर,” मुलगी आपला मोबाइल बघत म्हणाली. “अजून एकोणीस मिन्टं आहेत.”

बडेबाबू हसले. म्हणाले, भिंतीवरचं आपलं दहा मिनिटं पुढंच ठेवलंय, स्टाफ वेळेवर यावा म्हणून.

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. चार एकावन्न. भिंतीवर पाहिलं. चार एकावन्न. दोन्ही घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळत होती, आणि भिंतीवरचं तर चुकीचं होतं.

“बाबू, सर्व्हरचं घड्याळ कुणी हलवलं?”

“मीच. आज सकाळी,” ते म्हणाले. “पाच मिन्टं पुढं होतं ते स्टाफला पाठ झाल्तं, सगळे पाच मिन्टं धरूनच यायले. मंग भिंतीवरचं दहा केलं, अंगठ्याच्या मशीनसाठी याचं बी केलं. तुम्हीच तर शिकवल्तं.”

मीच शिकवलं होतं. हजेरीचं अंगठ्याचं मशीन सर्व्हरचीच वेळ घेतं. जूनमध्ये बडेबाबूंनी मागं लागून लागून मला ती वेळ पाच मिनिटं पुढं करायला लावली होती, आणि पुन्हा पुन्हा फोन नकोत म्हणून ते कसं करायचं तेही मी त्यांना दाखवून ठेवलं होतं. हसत हसत. त्यात काय एवढं, असं म्हणत.

पेटीकडं जाणाऱ्या आमच्या प्रत्येक चिठ्ठीवर वेळ घातलेली असते. पाचेक मिनिटांचा फरक पेटी पोटात घालते, म्हणून सतरा मुली सुखरूप पार पडल्या. दहा मिनिटं पुढची चिठ्ठी ती घेत नाही. अजून न उजाडलेल्या वेळेची सही तिनं का मानावी? काखेत कळसा आणि मी तासभर गावाला वळसे घालत होते.

मी वेळ सरळ केली. मग माझ्या स्वतःच्या खात्यानं, माझ्या मोबाइलवर ओटीपी घेऊन, लॉगिन करून पाहिलं. एका दमात टोकन आलं, माझी दहावीची गुणपत्रिकासुद्धा पडद्यावर आली, गणितात बासष्ट. हीच चाचणी आल्या आल्या करायला मला कुणी अडवलं नव्हतं. चार मिनिटांचं काम होतं.

“लाव आबांना,” मी मुलीला म्हणाले.

रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. चार बावन्न झाले होते, आणि आता ते खरे चार बावन्न होते.   तिसऱ्यांदा फोन उचलला गेला तेव्हा वडिलांना धाप लागलेली होती. थांबा म्हणाले, माणूस आणलंय. मग एका तरुण बाईचा आवाज आला. शेजारच्या वावरातली कुणाची तरी सून, शिकलेली. तिला बोलवायला ते पळत गेले होते.

मी पाचवा ओटीपी मागवला. तिनं सहा आकडे धडाधड वाचले. पान फिरलं. परत आलं. आणि मुलीचं नाव, तिचे गुण, तिचा दाखला, सगळं एकाखाली एक उतरलं. बडेबाबूंनी मला खुर्चीतून जवळजवळ ढकललं आणि अर्ज पुढं पाठवला. पावती निघाली तेव्हा पाचला तीन मिनिटं होती.

मुलीनं पावती दोन्ही हातांत धरली आणि ती रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. बडेबाबूंनी चहा मागवला, आणि घड्याळाचा विषय कुणाला सांगू नका म्हणून मला डोळ्यांनीच विनवलं. मीही मान डोलावली, कारण त्यात माझाही वाटा होता. चहा पिताना मी चक्क खुशीत होते.

मुलगी बाहेर जाऊन आबांना फोन करून आली. एसटीला अजून वेळ होता. ती दाराशी उभी राहिली, गेली नाही. मी विचारलं, काय गं?

“आबा म्हणत होते, त्या ताईनं वाचलं म्हणून झालं,” ती म्हणाली. “न्हाई तर माझ्यापायी पोरीचं हुकलं असतं म्हणले.”

ती एवढंच बोलली. पण मी काय करायला हवं ते तिच्या उभं राहण्यात स्पष्ट होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. मी तिच्याकडून नंबर घेतला आणि माझ्याच मोबाइलवरून लावला, बडेबाबूंच्या समोर.

वडिलांनी लगेच उचलला. मागं रस्त्याचा आवाज होता, मोटारसायकली, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. मी कोण ते सांगितलं तसे ते घाबरून म्हणाले, पुन्हा काय झालं का?

काही झालं नाही, मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. तुम्ही चारही वेळा आकडे बरोबर वाचले होते. चूक आमच्या घड्याळाची होती, आणि ते मी लावून दिलेलं होतं. मी तुम्हाला जे बोलले ते बोलायला नको होतं. माझं चुकलं.

पलीकडून एक मोटारसायकल फटफटत गेली.  मी विचारलं, ऐकू येतंय का? कुठं आहात तुम्ही?

“हितंच, टेंभुर्णीत,” ते म्हणाले. “चष्म्याच्या दुकानात. तुम्ही म्हणल्त्या ना, डोळे तपासा म्हणून. शेजाऱ्याच्या गाडीवर आलो. यानं ती चौकट लावलीय डोळ्याला, भिंतीवरची अक्षरं वाच म्हणतो. खालची बारीकसुदिक दिसायलीत, तरी बसवून ठेवलंय.”

मग आवाज खाली करून, दुकानदाराला ऐकू जाऊ नये असा, त्यांनी विचारलं, “मंग उठू का मॅडम हितून?”