दोन गावांचे दाखले

बालाघाटहून उकव्याची सकाळची गाडी धरली तेव्हा माझ्या खिशात दोन कोरे कागद होते. म्हाताऱ्या कलाकारांच्या पेन्शनीला दोन गावांचे दाखले लागतात, की हा माणूस आमच्या गावी नाटकात उभा राहिला होता. ऑफिसातल्या बाबूनं विचारलं, "दादाजी, कोई फोटो, कोई अखबार?" फोटो मी ठेवले नाहीत. मी दुसरी शिकलेला, सगळे पार्ट कानानं पाठ केले. चाळीस वर्षं झाडीपट्टीत (धानाच्या मुलखात) कंपनीच्या नाटकांत नायक केला, केस पिकल्यावर बाप केला, कंपनीत जाण्याआधी गावच्या पोरांची नाटकं बसवली. आता मी मीच आहे याचा पुरावाही मीच आणायचा.

घाट चढला की सरईचं (सालाचं) जंगल लागतं. उकव्याला धूळही काळी, खाणीतल्या मँगनीजची. स्टँडवर मुगाचे भजे खाल्ले, तेल जुनं होतं. पंचायतीतला माणूस मान वर न करता बोलला, "लिख के लाओ, ठप्पा मार देंगे. सबका मारते हैं."

सगळ्यांचा मारता, तर मला तो नको. मी म्हटलं, नाटक पाहिलेला माणूस दाखवा. दोन घंटे हिंडल्यावर खाटेवर बसलेला एक रिटायर खाणकामगार सापडला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी नाव सांगितलं.

"हौ, पाह्यलं ना," तो म्हणाला. "तुमी लय जोऱ्यानं बोलत होते. सुरुंगानं आमचे कान गेलते. स्टेजवरचे तुमी एकलेच आयकू आले."

त्यानं अंगठा दिला, पंचायतीनं शिक्का दिला. माझ्या कलेचा साक्षीदार निघाला तो बहिरा.

दुसऱ्या दिवशी हट्टा. बावली (पायऱ्यांची विहीर) रस्त्यापासून जवळच आहे. आत गार वाटतं, दगडी खांब, तळाला हिरवं पाणी. चार पायऱ्या उतरलो, गुडघ्यांनी नाही म्हटलं, परत वर आलो. खरं सांगायचं तर वेळ काढत होतो. पुढच्या गावात जुन्या ओळखीच्या यादोरावाकडे जायचं होतं. त्या गावात सरपंच त्याची सून, शिक्का त्याच्याच घरात.

धान कापून झाले होते. बांधाबांधानं पुंजणे (पेंढ्यांचे रचलेले ढीग) उभे होते. यादोराव अंगणात दोरी वळत बसला होता.

"या, डायरेक्टर साहेब. वाट चुकले का?"

"चुकलो नाही. कामानं आलो."

"थे तर दिसूनच राह्यलं. पहिले जेवा."

भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. याच घरात मी एकदा महिनाभर जेवलो होतो. गावच्या पोरांनी मला नाटक बसवायला बोलावलं होतं, आणि नायकाच्या घरी डायरेक्टरचं ताट, अशी रीत होती. नायक यादोराव होता. त्याची माय मला आधी वाढायची, मग त्याला.

जेवण झाल्यावर मी कागद काढला. त्यानं तो मांडीवर ठेवला.

"आमच्या गावात काम केलं, हौ. कोणाचं केलं थे सांगा."

तो सुनेला सांगू लागला, "बाई, नाटकाच्या दिवशी सकाळी यायनं मले म्हटलं, तुहा आवाज पुरत नाही, तू खाली बस. अन् माहा कोट सोता घातला."

ते खरं आहे. एका कंपनीचा मालक त्या दिवशी नाटक पाहायला येणार होता, हे मला कळलं होतं, यादोरावाला नव्हतं. मी त्याच्या जागी उभा राहिलो. मालकानं मला तिथूनच उचललं. माझी चाळीस वर्षं तिथून निघाली. यादोराव पुन्हा स्टेजवर चढला नाही.

"मले आजही पाठ आहे," तो म्हणाला. "आयकता?"

तो पुंजण्यासमोर उभा राहिला. प्रसंग असा, की तुरुंगातून सुटलेला भाऊ बहिणीच्या बंद दाराशी येतो. पुढे कंपनीत हेच नाटक करताना तिथे मी दार हलेल असा ओरडायचो, टाळी तिथेच पडायची. यादोराव हळू बोलला. आत पोरगं झोपलं असेल, ते उठू नये, असा बोलला. मध्ये थांबला, दाराला हात लावायला गेला आणि मागे घेतला. सून हातात कपबशी घेऊन तशीच उभी राहिली. अंगणाच्या पार टोकाला मी होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"आता सांगा. आवाज पुरत होता का नाही?"

एक शब्द बोलायचा होता. हौ.

"सुरुवात जरा घाईत झाली," मी म्हणालो.

सून म्हणाली, "मामाजी, बसा आता, चाय थंडी झाली."

यादोराव खाली बसला. हसला नाही, रागावलाही नाही. सुंदर अक्षरात त्यानं लिहिलं, की यांनी आमच्या गावात नाटक बसवले व नायकाचे काम स्वतः केले. सुनेनं सही केली, शिक्का मारला. फाटकापर्यंत तो मला पोचवायला आला आणि म्हणाला, "गुडघ्याले जपा."

बाबूनं दोन्ही दाखले न वाचता पिन मारून फायलीत टाकले. "हो गया, दादाजी." यादोरावाच्या दाखल्यात एक अक्षर खोटं नाही, म्हणूनच तो पुन्हा वाचायचा मला धीर झाला नाही. नातवाला दाखवायला त्याची झेरॉक्स काढणार होतो, काढली नाही.

लोक विचारतात, काय पाहून आलात? बावली पाहिली, सांगतो. यादोरावाला तो एक शब्द मी अजूनही सहज देऊ शकतो. हट्ट्याची बस रोज आमच्या घरावरून जाते. मी दारात उभा असतो, ड्रायव्हर ओळखीचा आहे, गाडी हळू करतो. मी हातानं त्याला जा म्हणतो.