पत्रिका तयार ठेवा

खरं सांगते, त्या दिवशी मी एक शब्द जरी बोलले असते तर सगळा घोळ जागीच मिटला असता. पण मी कायले बोलू?

बारावीचा निकाल लागला, अठरा पूर्ण झाले, आणि बाबांनी माझ्यासाठी मुलगा पाहायला घेतला. मले पुढं शिकायचं होतं. ते ऐकायला घरात कोणी रिकामं नव्हतं. माझा बायोडाटा समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतही होता. मारेगावला कॉलेजात मार्कशीट घ्यायला गेले, तर तिथं पुण्याच्या कुठल्याशा विद्यापीठाचा स्टॉल. फुकट पेन देत होते. मी फॉर्म भरला आणि नंबर दिला बाबांचा. माझ्याजवळ फोन होता कुठं?

चार दिवसांनी फोन आला. बाबा फोन स्पीकरवरच ठेवतात, गल्लीनंही ऐकावा म्हणून. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "आपल्या मुलीचे गुण आम्हाला फार आवडले. रविवारी पुण्याहून आमचा माणूस भेटायला येईल. पत्रिका तेवढी तयार ठेवा."

बिचारी गुणपत्रिकेचं बोलत होती. बाबांनी कपाटातून माझी जन्मपत्रिका काढली. "पुन्याचं स्थळ वं माय!" म्हणून आईनं देवापुढं साखर ठेवली. मी मान खाली घालून भाजी निवडत बसले. हसू दाबून दाबून पोटात दुखायला लागलं, बाप्पा!

रविवारी टाय लावलेला एक घामाघूम माणूस आला. "हाच पोरगा काय गा?" मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बाबांच्या कानात कुजबुजले. मी साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन गेले.

"आमच्याकडे आलेल्या मुलींचं आयुष्य सेट होतं," पाहुणा म्हणाला. आई खूश.

"जागा किती हाये तुमची?" बाबांनी विचारलं.

"साठ एकर."

"साठ! ओलिताचं का कोरडवाहू?"

पाहुणा गोंधळला. "स्विमिंग पूल आहे, सर."

"मंग ओलिताचंच," मोठे बाबा म्हणाले.

"अन् मानसं किती घरात?"

"आठ हजार."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. पाहुण्यानं बॅगेतून रंगीत माहितीपुस्तक काढलं आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. माझी मस्ती कुठल्या कुठं गेली. "फॉर्म म्याच भरला, बाबा. मले शिकायचं हाये," एवढंच बोलता आलं.

वाटलं, आता पाठीत धपाटा. पण बाबा पाहुण्याकडं वळले. "तुमी शिकवता तिथं?"

"नाही, आम्ही एजन्सीवाले. विद्यार्थी आणायचं काम विद्यापीठानं आम्हाला दिलंय."

"कालेज तं पाह्यलं असंन?"

"फोटो आहेत ना, सर."

"म्हंजे तुमी मध्यस्थ! अन् मध्यस्थानंच पोरगं नाई पाह्यलं?" बाबा म्हणाले. मोठ्या बाबांना पोह्यांचा ठसका लागला. बाबांनी त्या माणसाला पुन्हा पोहे वाढले, वर तर्री घातली आणि मानानं वाटे लावलं. मग रात्रीपर्यंत ते रंगीत पुस्तक उलटसुलट करून पाहत बसले. जेवताना मी दोनदा मीठ वाढलं, तरी ते खाली ठेवलं नाही.

ताटावरून उठता उठता म्हणाले, "घर पाह्यल्याशिवाय आपन पोरगी देत नसतो."

त्या बुधवारी ते मला यवतमाळच्या एका कॉलेजात घेऊन गेले. लग्नकार्यातला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, सोबत मोठे बाबा. खोली न् खोली पाहिली. नळाचं पाणी पिऊन पाहिलं. होस्टेलच्या बाईला विचारलं, वरण पातळ असते का घट्ट. ऑफिसातल्या क्लार्कला विचारलं, "सर लोक तासाले येतात ना, का नुस्ते फोटोत हायेत?" मी लाजेनं अर्धी झाले होते.

संध्याकाळी परतलो तर आई दारातच उभी. "काय झालं जी?"

बाबांनी टोपी काढली, तिनंच डोळे पुसले. "ठरलं," ते म्हणाले. "पोरगी दिली."