ग्रहगिळ्याचा दहावा देह

ग्रहगिळ्या आजवर नऊ वेळा मेला, आणि नऊही वेळा त्याच्या आत मिस्त्रीच होता.

मालिका टीव्हीवर दर आठवड्याला लागायची. अंतराळातून हा दुष्ट यायचा, वाटेतले दोन-चार ग्रह गिळायचा, पृथ्वीवर डोळा ठेवायचा आणि शेवटी नायकाच्या हातून मरायचा. लेखकाला दुसरा दुष्ट काही सुचायचा नाही, म्हणून दोन-अडीच वर्षांनी तोच नव्या देहात परत यायचा. देह नवा, चेहऱ्याचा नट नवा, आत्मा मात्र तोच, असं लेखक मुलाखतीत सांगायचा. हा आत्मा म्हणजे स्टुडिओच्या कारखान्यात पत्राकाम करणारा एक माणूस आहे, हे त्यानं कधी सांगितलं नाही. चेहरा जवळून दाखवायचा असला की नट खुर्चीत बसून डोळे वटारायचा. चालायचं, पडायचं, जळायचं असलं की मिस्त्री.

हे सगळं एका मापामुळे झालं. पहिल्या देहासाठी एक पहिलवान ठरला होता. मिस्त्रीनं त्याचं माप तीनदा मागितलं. दिग्दर्शक म्हणाला, "माणसाचंच करायचंय, हत्तीचं नाही. घ्या कुणाचंही." मिस्त्रीनं प्लायवूडचा तक्ता भिंतीला लावला, स्वतः पाठ टेकून उभा राहिला आणि शिवणखात्यातल्या मुलीला पेन्सिलनं कडेकडेनं रेघ मारायला सांगितली.

"हलू नका," ती म्हणाली.

"गुदगुल्या होतात."

"मग श्वास धरा. दुष्टाला गुदगुल्या होत नाहीत."

त्या रेघेवरून फर्मा कापला, फर्म्यावरून पत्रा. एकतीस किलोचा देह तयार झाला. पहिलवान त्यात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग जो आरडाओरडा झाला त्याला कंटाळून मिस्त्री स्वतः आत शिरला, खटके लावले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. "बघा, माणूस जातो," एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. दिग्दर्शक म्हणाला, "आता बाहेर येऊ नका."

तो एकवीस वर्षं बाहेर आला नाही.

दुसरा ग्रहगिळ्या वायूचा होता. वायू म्हटल्यावर मिस्त्रीला वाटलं, यंदा आराम. पण लेखकानं त्या वायूला तीन मजले जिने चढायला लावले. तारेच्या पिंजऱ्यावर पांढरं कापड, आत मिस्त्री, त्याच्या बगलेत धुराची नळी. तो तीन महिने खोकत होता. त्याच वर्षी त्याचं शिवणखात्यातल्या मुलीशी लग्न झालं, आणि लग्नाच्या फोटोत तो खोकताना दिसतो. तिसरा मेणाचा, बर्फाळ ग्रहावरचा. दिव्यांच्या उष्णतेनं तो दुसऱ्याच दिवशी खरोखर वितळायला लागला. नायकानं अजून हात उचलला नव्हता आणि दुष्टाची हनुवटी छातीवर आली होती. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं. लोकांना फार आवडलं.

चौथ्या खेपेला ग्रहगिळ्या बाई झाला. सम्राज्ञी. चेहरा एका देखण्या नटीचा, पण उंच टाचांचे बूट घालून राजवाड्याच्या पायऱ्या उतरायचा तो मिस्त्री. त्या चालीवर पत्रांचा पाऊस पडला. बायको घरी जेवताना मोठ्यानं वाचायची, "सम्राज्ञीच्या चालण्यात काय डौल आहे, जन्मजात राणीच ती."

"वाढ," मिस्त्री म्हणायचा.

"राणीसाहेबांनी स्वतः घ्यावं."

पण खरे कष्ट पडले ते सहाव्याला. त्यात ग्रहगिळ्याचं नुसतं डोकं उरलं होतं, काचेच्या बरणीत. मिस्त्री टेबलाखाली गुडघ्यांवर बसून खालून ते डोकं फिरवायचा. आठ महिने. गुडघे गेले ते तेव्हाच, आणि पडद्यावर त्याचं नखही दिसलं नाही. आठवा तर अदृश्यच होता. तरी बोलावणं आलं. दारं आपटायची, खुर्च्या दोरीनं ओढायच्या. ते काम कुणीही केलं असतं. पण एकदा मिस्त्री तापानं घरी राहिला आणि दुसऱ्यानं दार आपटलं, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, हा ग्रहगिळ्या वाटत नाही, वारा वाटतो. मिस्त्रीनं आयुष्यात कधी बढाई मारली नाही, पण ही गोष्ट त्यानं शेजारच्या प्रत्येक घरी सांगितली.

नववा सूर्यात पडला आणि मालिका बंद झाली. मिस्त्री तेव्हा चौपन्न वर्षांचा होता.

सात वर्षं तो घरी बसला. बसला म्हणजे इमारतीतल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या नीट केल्या, न बिघडलेल्यासुद्धा. मग एक दिवस फोन आला. जुन्या दिग्दर्शकाची मुलगी आता दिग्दर्शक झाली होती.

"काका, ग्रहगिळ्या परत येतोय. दहावा देह तुम्हीच करायचा."

"करतो," मिस्त्री लगेच म्हणाला. सात वर्षं तो शब्द तोंडात तयारच होता.

"आत मात्र दुसरं कुणी असेल हं. माप पाठवते. दोन प्रती, एक तुम्हाला, एक काकूंना. अस्तर त्यांच्याकडूनच शिवून घेऊ."

कागद आला. बेचाळीस मापं, सुबक अक्षरात. आत जाणारी बाई झुल्यावरची कसरतवाली होती, उंच, सरळसोट, अरुंद खांद्यांची. मिस्त्रीनं कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग माळ्यावरून प्लायवूडचा जुना फर्मा काढून धूळ झटकली.

त्याच्या डोक्यात काय होतं ते अगदी सरळ होतं. देह फर्म्यावरून होईल. कसरतवाली त्यात मावणार नाही. चित्रीकरणाला आठवडा उरलेला असेल. मग आत कोण जाणार?

अठ्ठावीस वर्षांत त्यानं कामात पहिल्यांदाच लबाडी केली, आणि तीही मन लावून केली. सांधा असा की नख फिरवलं तरी कळू नये. काठ दोनदा कानसले. खटके पितळेचे, खोल बसणारे. बायको अस्तर शिवताना अधूनमधून येऊन बघायची.

"खांदे रुंद दिसतात," ती म्हणाली.

"दिसतात."

"कंबर कुणाची आहे ही? तुमची तर नाही."

"तू तुझं शिवण बघ."

बायकोनं कमरेकडे पुन्हा एकदा पाहिलं, मग नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं, आणि शिवण बघायला गेली. अस्तर तिनं कागदावरून शिवलं होतं. तिच्याकडे प्रत होती, हे मिस्त्री सोयीस्करपणे विसरला होता.

चाचणीच्या दिवशी कसरतवाली वेळेआधी आली. अस्तर चढवलं, ते अंगावर कातडीसारखं बसलं. मग पत्रा. खांद्याशी दोन बोटं पोकळी, आणि उंची कमी पडल्यानं गळ्याची कड थेट हाडावर. तिनं तरी हात उचलले, वाकली, दहा पावलं टाकली. देह उतरवला तेव्हा गळ्याच्या हाडावर लाल चर उठला होता, एका जागी रक्त आलं होतं.

"माझं अंगच आडमुठं आहे बहुतेक," ती म्हणाली. "काका, मी चालायची पद्धत बदलून बघू का?"

मिस्त्रीनं त्या चराकडे पाहिलं. त्याच्या हातच्या कामानं आजवर कुणाचं रक्त काढलं नव्हतं. स्वतःचं काढलं असेल, ते वेगळं. तोंडाशी आलेलं वाक्य त्यानं गिळलं, कारण तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाली, "आठवडा उरलाय काका. आता काय करायचं?"

हेच ऐकायला तो तीन आठवडे थांबला होता.

"देहात काही खोट नाही," तो म्हणाला. "बघा, माणूस जातो."

मिस्त्रीनं शर्ट काढून खुंटीला अडकवला. पाय गेले. मांड्या गेल्या. कमरेशी देह थांबला. मिस्त्रीनं श्वास धरला, दोन दिवेवाल्यांनी मागून दाबलं, आणि खटके एकामागून एक बसले. पितळेचे, खोल बसणारे. तो एक पाऊल चालला. दुसऱ्या पावलाला त्यानं श्वास सोडला आणि तो पुन्हा पुरता घेता येईना.

"काढा," आतून बारीक आवाज आला.

खटके हलेनात. पोटानं ते आतून असे ताणले होते की पकड लावली तरी जागचे ढळेनात. दिवेवाला म्हणाला, तेल ओता. दुसरा म्हणाला, उलटं करा. कुणीतरी शिवणखोलीतून बायकोला बोलावून आणलं. तिनं मुखवट्याच्या फटीतून आत पाहिलं.

"अहो, आहात का?"

"आहे."

"चार इंच, मिस्त्री. सात वर्षांत चार इंच. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"नंतर बोल. कात्री आणायला सांग."

पत्रा कापायची कात्री आली. दिवेवाल्यानं ती हातात घेतल्याबरोबर आतून आवाज आला, "त्याच्या हातात नको. तो वायरसुद्धा वाकडी कापतो." मग कसरतवालीनं कात्री घेतली.

"कुठून कापू?"

"बगलेखालून. सांध्यावर जाऊ नकोस, एक बोट सोडून. हळू. पातं पूर्ण मिटू नको, पत्रा मुरगळतो. वाकडं चाललंय."

"तुम्हाला आतून दिसतंय?"

"ऐकू येतंय."

तिनं पातं मागं घेतलं आणि रेघ सरळ केली. घाई केली नाही, वीतभर कापलं की थांबायची, झुल्यावर थांबत असेल तशी. पाऊण तासात बाजू उघडली. मिस्त्री बाहेर आला तो घामानं निथळत, बनियन वर सरकलेलं, पोटावर खटक्यांचे सहा ठसे. सगळा स्टुडिओ गोळा झाला होता. कुणी हसलं नाही, म्हणजे तोंडं फिरवून हसले.

"पण माझ्या कागदावर तर सगळी मापं होती," दिग्दर्शक म्हणाली. "काकूंचं अस्तर बरोबर आलं. मग पत्रा कसा चुकला?"

कागद चुकीचा होता, असं म्हणता आलं असतं. नजर कमी झाली, असंही म्हणता आलं असतं. एकसष्टाव्या वर्षी लोक तेवढं मान्य करतात. मिस्त्रीनं कसरतवालीच्या गळ्याकडे पाहिलं. तिथं आता बायको बोटानं मलम लावत होती.

त्यानं खुंटीवरचा शर्ट घेतला, खिशातून कागद काढला आणि चारही घड्या उलगडून टेबलावर ठेवला. "चुकला नाही. मुद्दाम माझ्या मापाचा केला. हिला येऊ नये म्हणून."

दिग्दर्शकाचा चेहरा तिच्या बापासारखा झाला.

"काका, मी दुसरा कारागीर बघू शकते."

"बघ. पण आठवड्यात तो फक्त सांधा शिकेल." मिस्त्रीनं बनियन खाली ओढलं. "मी पाच दिवसांत देतो. हिच्या मापाचा. नाही बसला तर मला कारखान्याच्या दारातून आत घेऊ नका."

दिग्दर्शकानं कसरतवालीकडे पाहिलं. "तुझ्या गळ्याचा प्रश्न आहे. तू सांग."

कसरतवाली थोडा वेळ कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "सांधा चांगला आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी केलेला नव्हता, एवढंच. करू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तिला कारखान्यात बोलावलं आणि टेप घेऊन पुन्हा मापं घेतली. कागदावर बेचाळीस होती, त्यानं एकोणसाठ घेतली. वाकल्यावर पाठ किती लांबते, हात उचलल्यावर बगल किती उघडते, श्वास भरल्यावर छाती किती आणि सोडल्यावर किती. बायको आकडे लिहून घेत होती. जुना फर्मा त्यानं आडवा कापून टेबलाला पाय लावले, कारण टेबल डगमगत होतं. पाच दिवस तो घरी फक्त झोपायला आला. पाचव्या दिवशी दुपारी देह तयार होता. बावीस किलो. आधीच्या पत्र्याच्या सगळ्या देहांत हलका.

चित्रीकरणाला तो बाहेर उभा राहिला. कुठं उभं राहायचं ते त्याला माहीत नव्हतं, दोनदा लोकांनी बाजूला सारलं. मग दिवे लागले आणि ग्रहगिळ्या धुरातून चालत आला.

मिस्त्रीनं त्याला समोरून कधी पाहिलंच नव्हतं. पडद्यावर पाहिला होता, तो वीतभर. हा सात फुटांचा होता, खांदे वळवून चालत होता, पाय ठेवायच्या आधी जमीन हुंगल्यासारखा थांबत होता. पुढच्या ओळीतला एक दिवेवाला, रोज त्याच्याशी गप्पा मारणारा, नकळत मागं सरकला.

"हा नेहमी असाच दिसायचा?" मिस्त्रीनं बायकोला हळूच विचारलं.

"नाही. तुम्ही असताना थोडा बावळट दिसायचा. लोकांना तेच आवडायचं."

दिग्दर्शकानं थांबायला सांगितलं, खटके उघडले, आणि कसरतवाली बाहेर आली, केस कपाळाला चिकटलेले. ती कुणाकडे न बघता थेट त्याच्याकडे आली.

"कसं झालं?"

मिस्त्रीनं आधी तिची कॉलर बाजूला करून गळा बघितला. नवा चर नव्हता.

"डावा खांदा उशिरा वळतो," तो म्हणाला. "पत्रा नाही, तू. उद्या अर्धा तास लवकर ये."