शेजारच्या खुर्चीत आमचे सर

मंडळी, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही.

साजगावच्या एका कंपनीत केमिस्टची एकच जागा होती. इंटरव्ह्यूला गेले, तर शेजारच्या खुर्चीत कॉलेजात आम्हाला केमिस्ट्री शिकवणारे सर!

"सर, तुमी इथं?"

"कॉलेजनं कंत्राट वाढवलं नाय गं. तुझ्या एज्युकेशन लोनचं काय?"

"पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू."

माझं नाव पुकारल्यावर सर हळूच म्हणाले, "टायट्रेशन विचारतील. घाई करू नको."

तेच विचारलं. मला सगळं आलं. बाहेर आले तेव्हा सर आत जायला उठत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी फोन आला, नोकरी मला मिळाली. पप्पा पेढे आणायला गेलेत.

सरांना फोन करायचाय. काय बोलू, सांगा ना?